दोन चाळींमधला हादगा

परळला आमच्या चाळीभोवती शेत नव्हतं, तळं नव्हतं. होत्या त्या गिरण्यांच्या भिंती आणि त्यांच्यावरून डोकावणाऱ्या चिमण्या. त्यामुळे पावसाळा सरला आणि शरद आला हे आम्हा मुलांना कळायचं ते आईच्या बोलण्यावरून. गणपती विसर्जन होऊन थोडे दिवस गेले की एखाद्या सकाळी ती गॅलरीत केस विंचरता विंचरता थांबायची, समुद्राच्या दिशेला तोंड करायची आणि म्हणायची, "वारो फिरलो गो." मला काहीच वेगळं वाटायचं नाही. तोच गिरणीचा धूर, तोच भिजक्या कापसाचा वास. पण तिच्या बोलण्यापाठोपाठ ऊन पिवळं व्हायचं, दुपारी पत्रे तापायचे आणि पावसाळाभर बंद असलेली कोकणची बोट पुन्हा भाऊच्या धक्क्याला लागायला सुरुवात व्हायची. बोट आली की गावचं माणूस यायचं, माणसाबरोबर नारळ, कुळीथ, सोलं आणि खूप बातम्या यायच्या. आमचं वर्ष तिथून पुन्हा सुरू व्हायचं.

ज्या वर्षाची मी गोष्ट सांगते आहे ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं. मी सातवीत होते. वडील गिरणीत साच्यांवर कापड विणायचे. पाळी संपली की ते आणि त्यांचे दोस्त सभेला जात आणि घसा बसवून परत येत. आमच्या खेळातसुद्धा मोर्चे असायचे. पकडापकडीत राज्य कोणावर हे ठरवायलाही आम्ही घोषणाच द्यायचो.

त्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या खोलीत नवी सून आली. साताऱ्याकडची. तिला सगळ्या वहिनी म्हणायच्या, म्हणून आम्हीही वहिनीच म्हणायचो. आमची चाळ बहुतेक कोकणातल्या लोकांची. वहिनी पहिल्या दिवशी नळावर कोणाला तरी "व्हय" म्हणाली आणि आम्ही पोरी तोंडावर हात ठेवून हसलो. त्यानंतर ती फारशी बोललीच नाही. पाणी भरायची, कपडे वाळत घालायची, खाली बघून जायची. तिचा नवरा चळवळीत स्वयंसेवक होता. दिवसा गिरणी आणि संध्याकाळी मैदान, त्यामुळे तो घरी असा कमीच. सासूबाई स्वभावाने प्रेमळ, पण कानाने जरा कमी. दोघींचं बोलणं म्हणजे मोठ्यानं बोलणाऱ्या सासूबाई आणि मान हलवणारी वहिनी, एवढंच.

एका दुपारी वहिनी आमच्या दारात येऊन उभी राहिली. आईला तिने विचारलं, तुमच्याकडे एखादा मोठा पाट आहे का. आईला वाटलं, पूजा असेल. वहिनी म्हणाली, "उद्या हस्त लागतोय. आमच्याकडं हादगा असतो."

आईला हस्त नक्षत्र माहीत होतं, भाताच्या लोंब्या त्याच पावसावर भरतात हेही माहीत होतं. हादगा मात्र तिने ऐकला नव्हता. मग वहिनीने सांगितलं, आणि मला आठवतं तसं, तेवढं सलग बोलताना आम्ही तिला पहिल्यांदाच ऐकलं. पाटावर हत्ती काढायचा, पाट मध्ये ठेवायचा, मुलींनी हात धरून भोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत शेवटच्या दिवशी सोळा. रोज खिरापत, आणि ती काय आहे ते ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही. पुण्याकडे ह्याला भोंडला म्हणतात, ती म्हणाली, पण आमचा हादगाच.

खिरापतीचं ऐकून मी लगेच पाट काढून दिला.

दोन चाळींच्या मध्ये एक पटांगण होतं. एका बाजूला आमची चाळ, समोर दुसरी. समोरच्या चाळीतल्या लोकांनी दोन वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. नळ वेगळे, गणपतीचा मांडव आमच्या बाजूला, त्यांच्या सभा त्यांच्या बाजूला. पटांगण तेवढं दोघांचं होतं. माझ्या वर्गातली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण समोरच्या चाळीत राहायची. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो, पण एकमेकींच्या घरी मात्र क्वचितच जायचो, आणि त्याबद्दल आम्ही दोघीही कधी बोललो नव्हतो.

पहिल्या संध्याकाळी वहिनीने पाट पटांगणाच्या मधोमध ठेवला. रांगोळीने काढलेला हत्ती इतका ऐटबाज होता की त्याची सोंड पाटाबाहेर जाते की काय असं वाटत होतं. त्यावर्षी अधिक महिना आल्यामुळे सगळे सण लांबले होते आणि हस्त नेमका पितृपक्षात आला होता. कोणीतरी वरच्या मजल्यावरून हटकलं की पितृपक्षात कसली गाणी. वहिनी थबकली. तेव्हा तिच्या सासूबाई, ज्यांना एरवी काही ऐकू जात नसे, गॅलरीतून म्हणाल्या, "पितरांनाही ऐकू दे की. ते काय बहिरे आहेत?" सगळ्या हसल्या आणि पहिलं गाणं सुरू झालं.

आम्हाला चाल येत नव्हती, फेराची दिशा कळत नव्हती, एकमेकींच्या पायावर पाय पडत होते. वहिनी मात्र गायला लागली आणि तिचा आवाज दोन्ही चाळींच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. नळावर मान खाली घालणारी हीच का, असं मला वाटलं. बायका भांडी टाकून कठड्याला टेकल्या.

समोरच्या चाळीच्या पायरीवर माझी मैत्रीण उभी होती. मी तिला हात करून बोलावलं, ती आली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तिने सांगितलं की वडील नको म्हणाले. त्यांच्याकडे आता देवदेव करत नाहीत, आणि हत्तीभोवती फिरायचं म्हणजे देवाभोवतीच फिरणं. मी ते घरी येऊन वहिनीला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, नसेना का. तिने हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं, पदर नीट केला आणि ती मला घेऊन थेट पटांगण ओलांडून समोरच्या चाळीत गेली.

मैत्रिणीचे वडील गिरणीच्या रिंग खात्यात, सूत काततात तिथे, काम करायचे. उंच, शांत माणूस, घरातसुद्धा शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. त्यांच्या भिंतीवरचे जुने देव उतरवून तिथे बुद्धाची तसबीर लावलेली होती. त्यांनी आम्हाला बसायला सतरंजी दिली आणि वहिनीला विचारलं, "हा हत्ती कुठल्या देवाचा?"

वहिनीने खरोखर विचार करून सांगितलं, "देवाचा असा नाही काका. पावसाचा आहे. हस्ताचा पाऊस गडगडत येतो ना, हत्तीसारखा. तो आता जाणार. त्याला बोळवायचं."

"पूजा करता?"

"हळदकुंकू वाहतो आम्ही. तिनं नाही वाहिलं तरी चालेल."

त्यांनी तसबिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पावसाला निरोप द्यायला माझी हरकत नाही. हळदकुंकू वाहायचं नाही आणि हात जोडायचे नाहीत. गाणी म्हणू दे." मुलीकडे वळून त्यांनी आणखी एक सांगितलं, की फेर धरायचा तर नीट धर, धसमुसळेपणा करू नकोस.

त्या संध्याकाळपासून ती यायला लागली, आणि तिच्यामागे समोरच्या चाळीतल्या इतर मुली. फेर मोठा होत गेला. आम्ही हळद वाहत असू तेव्हा त्या मुली बाजूला उभ्या राहायच्या, आणि पुन्हा फेर सुरू झाला की हात धरायच्या. एकदोन दिवसांत हे असंच असतं असं सगळ्यांना वाटायला लागलं. दुपारी हस्त गडगडून कोसळायचा, पटांगणात डबकी साचायची, आणि संध्याकाळी आम्ही डबकी चुकवत गोल फिरायचो.

अर्धे दिवस झाले आणि अडचण आली. वहिनीची गाणी संपली. तिला जेमतेम नऊ गाणी पूर्ण येत होती. बाकीची तिची मोठी बहीण म्हणायची, ती फक्त मागून ओढायची. आता बहीण साताऱ्याला आणि हादगा परळला. वहिनी रडकुंडीला आली. सोळा झाल्याशिवाय हादगा बोळवता येत नाही, तिने आईला सांगितलं. जुनीच गाणी परत म्हणा की, असं मी सुचवलं तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी आईमागे सरकले.

आई तेव्हा मासळी साफ करत होती. हात न धुता ती म्हणाली, "नसतीत तर नवीन करा." वहिनी म्हणाली, तुम्हीच करा मग. आई हसली. "माका खयचा गाणा येता?" पण त्या दिवशी जेवण वाढताना ती काहीतरी पुटपुटत होती. वडिलांनी दोनदा विचारलं, काय म्हणतेस. ती म्हणाली, तुम्ही जेवा.

संध्याकाळी दहावं गाणं आईने सांगितलं. ती स्वतः फेरात आली नाही, कडेला उभी राहून एकेक ओळ सांगत होती, चेहरा लाल झालेला:

दर्यो निवळलो गो, बोट सुटली
भावाच्या शेतात लोंबी फुटली
लोंबी फुटली गो, कणगी भरली
मुंबयच्या बहिणीची आठवण इली

शेवटच्या ओळीला वरच्या गॅलरीतल्या बायका कठड्यावरून पुढे वाकल्या. आमच्या चाळीत प्रत्येकीचा भाऊ गावाला होता. मग कोणीतरी म्हणालं, परत म्हणा, आणि आम्ही ते गाणं परत म्हटलं, परत म्हटलं. पाट, हत्ती, सोळा गाणी, ह्यातलं काही कोकणच्या बायकांचं नव्हतं. पण त्या गाण्यानंतर हादगा त्यांचाही झाला. अकरावं गाणं करायला तिघी पुढे आल्या आणि कोणाचं घ्यायचं यावरून थोडी धुसफूसही झाली.

खिरापत रोज एकेका घराची असे. मैत्रिणीच्या आईची पाळी आली. तिला आम्ही मावशी म्हणायचो. मावशी झाकलेला पत्र्याचा डबा घेऊन आली आणि बायका एकदम हळू बोलायला लागल्या. त्यांच्या हातचं खायचं की नाही, हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही, पण तो तिथे उभा होता. माझी आईसुद्धा चुळबुळत होती. मी ते पाहिलं, आणि मैत्रिणीनेही पाहिलं, कारण तिने माझा हात सोडला.

मावशीने डबा कानाजवळ नेऊन हलवला. "ओळखा."

आता आईचा एक गुण सांगायला हवा. खिरापत ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. डब्याच्या आवाजावरून ती लाह्या की चणे ते सांगायची, आणि तिला त्याचा फार अभिमान होता. कोणीतरी चुकीचं म्हणालं, शेंगदाणे. आईला ते सहन होईना. "शेंगदाणे कसले, किती हलको आवाज आसा," ती म्हणाली. मावशीने डबा परत हलवला. आईने डोळे मिटले. "मक्याच्या लाह्यो. आणि गूळ लावलेल्यो, म्हणून चिकटून पडतत."

मावशीने झाकण काढलं. गुळाच्या पाकातल्या मक्याच्या लाह्याच होत्या. आणि जी ओळखते तिला पहिला मान, हा वहिनीचा नियम. मावशी डबा घेऊन आईसमोर आली. आईने क्षणभर डब्याकडे बघितलं, मग मावशीकडे. आणि ओंजळ पुढे केली. खाता खाता ती म्हणाली, पाक अगदी बरोबर उतरलाय, किती वेळ ठेवलात. दोघी पाकाबद्दल बोलायला लागल्या. मग बाकीच्यांचे हात पुढे आले. सगळ्यांचे आले असं म्हणणार नाही. दोघीतिघी मुलांना हाका मारत वर निघून गेल्या. पण डबा रिकामा झाला, आणि माझ्या मैत्रिणीने माझा हात परत धरला.

त्याच दिवशीचं गाणंही मावशीचंच होतं. नवऱ्याला विचारून आले आहे, ती म्हणाली, आणि आमच्या पाटावरच्या हत्तीकडे बघत तिने गायला सुरुवात केली:

राणी निजली गं गार पहाटेला
पांढरा हत्ती गं सपनी आला
सोंडेत कमळ गं, नाही चिखल
जन्माला येणार गं शांत पाऊल

बुद्धाच्या आईचं स्वप्न आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. मावशीने गाण्यानंतर ते सांगितलं. वहिनीने दुसऱ्या दिवशी पाटावर हत्ती काढताना त्याच्या सोंडेत एक कमळ काढलं. समोरच्या गॅलरीत मैत्रिणीचे वडील उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि आत गेले. नंतर मैत्रीण म्हणाली, घरी चहा पिताना ते तेच गाणं गुणगुणत होते.

असं करत सोळावा दिवस आला, आणि नेमकी त्याच संध्याकाळी जवळच्या मैदानात मोठी सभा ठरली. दोन्ही चाळींतल्या सगळ्या बायकांनी यायचं असं ठरलं होतं. वहिनीचा नवरा छातीवर बिल्ला लावून सांगायला आला. वहिनीने त्याला सांगितलं की ती येईल, पण हादगा बोळवून. तो म्हणाला, सभा काय तुमच्या हत्तीसाठी थांबणार आहे का. दोघंही हट्टाला पेटली. तेवढ्यात मावशी म्हणाली, मैदानात काय जागा कमी आहे.

मग आम्ही निघालो. दुपारी पाऊस पडून गेला होता आणि मैदानाची माती ओली होती. व्यासपीठावर शाहिराची मंडळी डफ तापवत बसली होती. पुढारी यायचे होते. बायकांच्या बाजूला वहिनीने वाकून ओल्या मातीत बोटाने हत्ती काढला. आम्ही हात धरले. माझ्या एका बाजूला मैत्रीण, दुसऱ्या बाजूला आई. आई ह्या वेळी फेरात आली होती.

पंधरा गाणी झाली. लोक मान वळवून बघत होते. गाणी जसजशी वाढत गेली तशा इतर वाड्यांमधल्या, लालबागच्या, प्रभादेवीच्या बायकाही फेरात शिरल्या. बाहेरून दुसरा फेर धरावा लागला. सोळावं गाणं वहिनीने स्वतः केलं होतं आणि कोणालाही आधी ऐकवलं नव्हतं. ती एक ओळ म्हणायची, आम्ही मागून:

हत्ती निघाला, पाऊस सरला
वाटेत त्याला सूर्य भेटला
सूर्या रे सूर्या, जातोस कुठं
पिकलं शेत, कापतो तिथं
शेत कुणाचं, राबेल त्याचं

ह्याच वेळी पुढारी आले. वहिनीचा नवरा धावत आला आणि म्हणाला, बसा आता, भाषण सुरू व्हायचंय. फेर मंदावला. वहिनी थांबली नाही. चालता चालताच ती म्हणाली, "फेरा अर्ध्यावर सोडत नाहीत. थांबा जरा."

हजारो माणसांसमोर नवऱ्याला थांबा म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. त्याने व्यासपीठाकडे पाहिलं. तिथे ध्वनिक्षेपकासमोर उभे असलेले पुढारी हसून म्हणाले, चालू द्या, आम्हाला घाई नाही. शाहिराच्या एका साथीदाराने डफावर आमच्या पावलांचा ठेका धरला. वहिनीने शेवटची ओळ म्हटली:

मुंबई कुणाची, सांग रे सांग

आम्ही मागून काही म्हणायच्या आतच सगळ्या मैदानाने उत्तर दिलं, "महाराष्ट्राची!" आईने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. वहिनी मध्ये उभी होती आणि हसत होती, घाम पुसत होती.

खिरापत सासूबाईंनी केली होती. त्यांनी डबा थेट व्यासपीठावर पाठवला आणि निरोप दिला की ओळखल्याशिवाय उघडायचा नाही. पुढाऱ्यांनी डबा हलवला आणि ध्वनिक्षेपकातून म्हणाले, चणे. मैदानातल्या बायका एका सुरात नाही म्हणाल्या. ते म्हणाले, मग पोहे. तेही नाही. शेवटी आमची आई उठून उभी राहिली आणि लांबूनच म्हणाली, आवाजच येत नाही म्हणजे वाटली डाळ. वाटली डाळच होती. भाषण त्या दिवशी जरा उशिरा सुरू झालं, पण पुढारी बोलताना अधूनमधून हसत होते.

पुढे नवरात्र आलं, दसरा आला, आणि आश्विनी पौर्णिमेच्या आधी बोटीने मामाने भाताच्या लोंब्या पाठवल्या. पौर्णिमेला सकाळी आई नवं बांधायची. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, झेंडू आणि आंब्याचं पान एकत्र बांधून दाराला लावायचं. नवीन धान्य घरात आलं ह्याची ती खूण. दरवर्षी ती एकच जुडी करायची. त्या वर्षी तिने तीन केल्या. एक आमच्या दाराला, एक वहिनीच्या, आणि तिसरी हातात घेऊन ती पटांगण ओलांडून समोर गेली. मी मागे होते. तिने मैत्रिणीच्या वडिलांना विचारलं, चालेल का. त्यांनी जुडी हातात घेऊन पाहिली, लोंबीतला एक दाणा काढून दाताखाली फोडला आणि विचारलं, "कुठल्या शेतातला?" आईने भावाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून ती दाराच्या चौकटीला बांधली. मग मावशीने आम्हाला चहा दिला. त्या घरात आईने चहा घेतला ती पहिलीच वेळ, आणि नंतर मी मोजणं सोडून दिलं इतक्यांदा घेतला.

महाराष्ट्र झाला तेव्हा वहिनी चाळीत नव्हती. तिच्या नवऱ्याला शीवकडे मोठी खोली मिळाली आणि ती दोघं सासूबाईंना घेऊन तिकडे गेली. तिथल्या वस्तीत तिने पुन्हा हादगा सुरू केला. हस्त लागायच्या आदल्या आठवड्यात तिचा आईला निरोप यायचा: नवीन गाणी घेऊन या. आईकडे आता पुष्कळ होती. बोटीचं, गिरणीच्या भोंग्याचं, हिंदमात्याला साडी घ्यायला गेलेल्या नवऱ्याचं. मी तिच्याबरोबर जायचे. बसमध्ये खिडकीशी बसून ती ओठातल्या ओठात ओळी जुळवायची, मांडीवर बोटांनी ठेका धरायची, आणि कंडक्टर तिकीट विचारत समोर उभा असला तरी तिला पत्ता नसायचा.